यवतमाळने स्वतःविषयी केव्हा लिहावयाचे?

१ जुलै २००६ रोजी विदर्भाच्या दौऱ्यावर असताना तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी शेतकरी-आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहा जिल्ह्यांत यवतमाळचे नाव अग्रभागी होते. त्याच्या आधीच्या वर्षी, म्हणजे २००५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रश्नावर अहवाल सादर केला होता. २००६ च्या आरंभी मुंबईच्याच इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल शासनाकडे गेला. त्यानंतर समित्या झाल्या, पाहण्या झाल्या, प्रबंध झाले. महाराष्ट्रातील एखाद्या जिल्ह्यावर गेल्या पाव शतकात इतका कागद क्वचितच खर्ची पडला असेल. त्या अहवालांच्या गुणवत्तेविषयी येथे शंका घ्यावयाची नाही. त्यांपैकी काही अतिशय कष्टाने आणि सहानुभूतीने लिहिलेले आहेत. परंतु त्यांची पाने उलटताना एक गोष्ट मनाला टोचल्यावाचून राहत नाही. लिहिणारे बाहेरचे आहेत, लिहिण्याची भाषा इंग्रजी आहे, आणि ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते केवळ कोष्टकातील आकडे म्हणून उपस्थित आहेत. ज्या जिल्ह्यात शहराशहरातून महाविद्यालये आहेत, त्या जिल्ह्याला स्वतःच्या दुःखाचा सप्रमाण वृत्तांत स्वतः लिहिता येऊ नये, हे कशाचे लक्षण आहे?

हा प्रश्न आज विचारण्यास एक तातडीचे निमित्त आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० याची अंमलबजावणी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. नव्या अभ्यासक्रमरचनेत क्षेत्रीय प्रकल्प आला आहे, समाजसंपर्काचा उपक्रम आला आहे, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण आले आहे, आणि जे विद्यार्थी चौथ्या वर्षापर्यंत जातील त्यांच्यासाठी संशोधनासह ऑनर्सची सोय आहे. यांतील प्रत्येक गोष्टीच्या अखेरीस विद्यार्थ्याने एक लेखी अहवाल द्यावयाचा आहे. म्हणजे आजवर पीएच.डी.च्या उंबरठ्यावर येणारी लेखनाची कसोटी आता वणी, पुसद, दिग्रस, उमरखेड आणि पांढरकवडा येथील अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपुढे येऊन ठाकली आहे. कसोटी आली, पण शिकवण आली काय? अभ्यासक्रमाने प्रकल्पाला श्रेयांक दिले. तो कसा लिहावा हे शिकविण्याची जबाबदारी मात्र कोणाच्याही वेळापत्रकात स्पष्टपणे दिसत नाही.

उत्तर लिहिणे आणि विवेचन लिहिणे

आपल्या विद्यापीठीय शिक्षणात लेखन नाही, असे कोणी म्हणणार नाही. उलट, विद्यार्थी वर्षातून दोन वेळा तीन-तीन तास लिहीतच असतो. परंतु ते लेखन विशिष्ट जातीचे आहे. प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेले, मुद्दे ठरलेले. विद्यार्थ्याने केवळ ते स्मरणातून कागदावर उतरवावयाचे. 'टीपा लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'सविस्तर विशद करा' या आज्ञांचे पालन करण्यात आपला विद्यार्थी तरबेज असतो. त्यात त्याला कधीही 'हे मला कशावरून कळले?' असे स्वतःला विचारावे लागत नाही. आणि विद्यापीठीय लेखनाचा प्राण तर नेमका तोच प्रश्न आहे. एक विधान करावयाचे, त्याला आधार द्यावयाचा, विरुद्ध जाणारा आधार सापडला तर तो लपवावयाचा नाही, आणि आपले कोणते व दुसऱ्याचे कोणते हे वाचकाला स्वच्छ दिसेल असे मांडावयाचे. ही सवय प्रश्नपत्रिका सोडवून लागत नाही.

अशा विद्यार्थ्यापुढे एकाएकी प्रकल्प आला, की जे घडावयाचे तेच घडते. मागील वर्षीची वही मागितली जाते. महाविद्यालयाच्या फाटकासमोरील झेरॉक्सच्या दुकानात तयार मजकूर मिळतो. नाव, वर्ग आणि गावाचे नाव तेवढे बदलले जाते. उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष आणि शिफारशी या चार मथळ्यांखाली चार गावांविषयी अक्षरशः तेच लिहिलेले आढळते. प्राध्यापक मंडळी हे सारे जाणतात, खेद व्यक्त करतात आणि सही करतात. याला विद्यार्थ्याचा अप्रामाणिकपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्याला स्वतःचे वाक्य कसे उभे करावे हे कोणी दाखविलेच नाही, त्याने दुसऱ्याचे वाक्य उचलले, तर दोषाचा मोठा वाटा शिकविणाऱ्या व्यवस्थेकडे जातो.

व्यवस्थेने या रोगावर उपाय केला नाही असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम काढले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ४० पर्यंत अमुक, ६० पर्यंत तमुक, त्यापुढे नोंदणी रद्द, अशी चढती भाजणी त्यात आहे. पुढे २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन व प्रकाशन-नीतीचा दोन श्रेयांकांचा पाठ्यक्रम सक्तीचा झाला. हे दोन्ही योग्यच होते. परंतु त्यांचा क्रम पाहा. शिकवणीच्या आधी शिक्षा आली, आणि नीतीचा पाठ आला तो विद्यार्थ्याची लेखनाची सवय घडून, किंबहुना बिघडून, दहा वर्षे लोटल्यावर. शिवाय यंत्राने मोजलेले साम्य हे शब्दांचे साम्य असते. विचार उसना आहे की स्वतःचा, हे टक्केवारीत उतरत नाही. परिणामी शब्द फिरवून साम्य खाली आणण्याची एक नवी कारागिरी मात्र उदयास आली.

एक दुर्घटना, अनेक लेखण्या

या प्रश्नाचा विचार करताना सामान्यतः एक सोपा मार्ग सुचविला जातो. भाषा विभागाकडे एक 'लेखनकौशल्या'चा तास द्यावा, त्यात शुद्धलेखन, परिच्छेदरचना आणि पत्रलेखन शिकवावे, म्हणजे झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा मार्ग अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे यवतमाळच्याच एका घटनेवरून दाखविता येईल.

२०१७ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्या दिवसांत अशा रुग्णांनी भरून गेले होते. समजा, या एकाच घटनेवर जिल्ह्यातील निरनिराळ्या विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांना लिहावयास सांगितले. प्रत्येकाने काय लिहावे?

वैद्यकाच्या विद्यार्थ्याचे लेखन रुग्णपत्रिकेपासून सुरू होईल. फवारणी किती वाजता केली, लक्षणे किती वेळाने दिसली, बाहुल्यांचा आकार काय, घाम व लाळ किती, कोणते औषध किती मात्रेत व केव्हा दिले. येथे 'रुग्णाने सांगितले' आणि 'तपासणीत आढळले' या दोन क्रियापदांतील भेद हा व्याकरणाचा प्रश्न नाही. पुढच्या पाळीचा डॉक्टर त्याच भेदावर उपचार ठरवितो. फवारलेल्या द्रव्याचे नाव त्या कागदावर नसेल, किंवा दोन-तीन द्रव्ये एकत्र केली होती ही नोंद सुटली असेल, तर ती उणीव शैलीची राहत नाही, जिवाची होते.

कृषिशाखेच्या विद्यार्थ्याला वेगळेच प्रश्न पडतील. बियाणे कोणते, पेरणी केव्हाची, पिकाची उंची किती, द्रावणाची तीव्रता किती, पंप हाताचा की यंत्राचा, वारा कोणीकडचा. त्या वर्षी कापूस उंच वाढला होता व फवारा चेहऱ्याच्या पातळीवर येत होता, असे तेव्हा सांगितले गेले. हे विधान कृषिशास्त्राच्या लेखनात येताना ते मोजमापासह यावे लागते. किती शेतांत मोजले? न बाधलेल्यांच्या शेतात उंची किती होती? तुलना नसेल, तर ते निरीक्षण ठरेल, निष्कर्ष ठरणार नाही.

वाणिज्य व अर्थशास्त्राचा विद्यार्थी मजुरीचा दर मांडील. फवारणीचे काम करणारा स्वतःच्या शेतात राबत होता की रोजंदारीवर दुसऱ्याच्या? रोज किती? औषध उधारीवर घेतले होते काय, आणि उधारी देणारा दुकानदारच औषधाचा सल्लाही देत होता काय? विधीच्या विद्यार्थ्याला १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाखालील कर्तव्य कोणाचे, विक्रेत्याचे की उत्पादकाचे की निरीक्षकाचे, हे कलमानिशी दाखवावे लागेल, आणि सिद्ध न झालेल्या गोष्टीला 'कथित' म्हणण्याची शिस्त पाळावी लागेल. समाजकार्याचा विद्यार्थी दिवंगताच्या घरी जाईल. त्याच्या क्षेत्रीय नोंदवहीत स्वतःची उपस्थितीही लिहिली जाईल, कारण कोणी विचारले व कोणासमक्ष विचारले यावर उत्तर बदलते. इतिहासाचा विद्यार्थी शेवटी येईल आणि या सर्व कागदांकडे पाहून विचारील, की हा कागद कोणी, केव्हा, कोणासाठी लिहिला?

घटना एक, पण पुरावा म्हणजे काय याची कल्पना सहा ठिकाणी सहा प्रकारची. एका शाखेत 'मी' हा शब्द वर्ज्य, तर दुसऱ्या शाखेत तो न लिहिणे ही लबाडी. एका शाखेत आकडा नसेल तर विधान पोकळ, तर दुसरीत एकाच माणसाची साक्ष नीट लिहिली तर ती पुरेशी. हे भेद भाषेचे प्राध्यापक शिकवू शकत नाहीत. त्यांनी शिकवावेत ही अपेक्षाही अन्यायाची आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' यांच्यामध्ये रेघ का मारतात, हे रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानेच सांगितले पाहिजे. आज ती रेघ मारली जाते, पण ती का मारावयाची हे सांगितले जात नाही. म्हणून प्रयोग न करताही ती वही पूर्ण होऊ शकते.

यवतमाळ शहराची स्थिती तर अधिकच विचार करावयास लावणारी आहे. येथील कला, विज्ञान व वाणिज्याची महाविद्यालये अमरावती विद्यापीठाकडे, वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, आणि कृषी शिक्षण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे. काही किलोमीटरांच्या परिघात असलेले विद्यार्थी एकाच आपत्तीचा अभ्यास करू लागले, तरी त्यांच्या वह्या एकमेकांना कधी भेटण्याची सोय नाही.

कागदावर ठरणारे भवितव्य

कोणी म्हणेल, हे सारे संशोधकांसाठी ठीक आहे. यवतमाळच्या किती मुलांना संशोधक व्हावयाचे आहे? आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो, परंतु व्यवहाराकडे पाहिले तर तो टिकत नाही.

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत द्यावयाची की नाही, हे ठरविण्याची शासनाची एक रीत २००६ पासून चालत आली. प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे कागदपत्रांवरून ठरते. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचे अथवा परवानाधारक सावकाराचे होते काय, वसुलीचा तगादा होता काय, या प्रश्नांची उत्तरे तलाठ्याच्या, पोलिसांच्या आणि तहसील कार्यालयाच्या लेखी अहवालांतून येतात. ठोक्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. शेतात आयुष्य घालविलेल्या स्त्रीच्या नावावर पुष्कळदा गुंठाभरही जमीन नसते. नातलगाकडून वा गावातील माणसाकडून तोंडी घेतलेल्या पैशाला कागद नसतो. नमुन्यातील रकान्यात जे बसत नाही ते लिहून ठेवण्याची बुद्धी आणि धैर्य अहवाल लिहिणाऱ्याला असले, तर एका कुटुंबाची बाजू निदान अपीलापर्यंत जिवंत राहते. नसले, तर 'निरंक' या तीन अक्षरांत सारे संपते.

आता हे अहवाल लिहिणारे कोण? आपल्याच महाविद्यालयांतून बाहेर पडलेले पदवीधर. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस उपनिरीक्षक, परिचारिका, बँकेचे अधिकारी, शाळेचे मुख्याध्यापक. पाहिलेले व ऐकलेले यांतील भेद, खात्री व तर्क यांतील भेद, ज्यांना महाविद्यालयात तीन वर्षांत कोणी शिकविला नाही, ते खुर्चीवर बसल्यावर तो कोठून आणतील? तेव्हा विद्यापीठीय लेखन ही मूठभर विद्वानांची चैन नाही. जिल्ह्याच्या न्यायव्यवहाराचा तो पाया आहे.

परदेशातील एक धडा, घरातील एक वारसा

अडचण आपल्याच वाट्याला आली आहे असे मानण्याचे कारण नाही. १९७० मध्ये न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने आपली दारे शहरातील सर्व माध्यमिक शाळा उत्तीर्ण विद्यार्थ्यांना खुली केली. घरातील पहिलेच शिकणारे, गरीब वस्त्यांतील, इंग्रजी ही घरची भाषा नसलेले विद्यार्थी हजारोंनी आत आले, आणि 'यांना लिहिताच येत नाही' असा हाकाटा झाला. मिना शॉनेसी नावाच्या प्राध्यापिकेने मात्र हाकाट्यात सामील न होता त्या विद्यार्थ्यांचे सुमारे चार हजार प्रवेश-निबंध काळजीपूर्वक वाचून काढले. त्यांतून तिने १९७७ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की या चुका बेशिस्त नाहीत. त्यांच्यामागे विद्यार्थ्याचा स्वतःचा असा एक नियम असतो, आणि तो नियम शिक्षकाने समजून घेतला तर चूक हीच शिकविण्याची वाट होते. त्याच दशकात अमेरिकेत व इंग्लंडात असा विचार रुजला, की लेखन सर्व विषयांच्या वर्गांतून शिकविले जावे. पुढे १९९८ मध्ये मेरी ली आणि ब्रायन स्ट्रीट या ब्रिटिश अभ्यासकांनी दाखविले, की एकाच विद्यापीठात एका विषयाच्या शिक्षकाला 'उत्तम' वाटणारी मांडणी दुसऱ्या विषयाच्या शिक्षकाला सदोष वाटते, आणि हा भेद विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही.

यवतमाळच्या वर्गाला हे वर्णन किती लागू पडते! येथे घरी वऱ्हाडी बोलणारी मुले आहेत, तांड्यावरून गोरमाटी घेऊन आलेली आहेत, पोडावरून कोलामी व गोंडी घेऊन आलेली आहेत. कोलामी भाषेवर मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा व्याकरणग्रंथ १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ज्या भाषेने कॅलिफोर्नियातील विद्वानाला वर्षानुवर्षे गुंतवून ठेवले, ती भाषा बोलणारा मुलगा आपल्या महाविद्यालयात मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो, कारण त्याच्या मराठीत चुका होतात. आपण त्या चुका लाल शाईने मोजतो. त्यांच्यामागील भाषा कोणती हे विचारीत नाही.

आणि केवळ परदेशाकडेच पाहण्याचेही कारण नाही. यवतमाळच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. चक्रधरांच्या आठवणी गोळा करण्यासाठी म्हाइंभट तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव हिंडले, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांना त्यांनी विचारले, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन लीळा सिद्ध केल्या. एखाद्या प्रसंगाविषयी सांगणाऱ्यांत भेद असेल, तर तो भेद सांगणाऱ्याच्या नावासह राखून ठेवण्याची महानुभाव परंपरेची रीत होती. तळटीप हा शब्द जन्माला येण्यापूर्वी तळटिपेचा धर्म या भूमीत पाळला जात होता. विसाव्या शतकात त्याच वाङ्मयाचा शोध घेण्याचे मोठे काम खुद्द यवतमाळात झाले. डॉ. य. खु. देशपांडे यांनी येथे शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभारली, हस्तलिखिते मिळविली आणि महानुभावीय वाङ्मयाचा परिचय महाराष्ट्राला करून दिला. विद्यापीठ अमरावतीला १९८३ मध्ये आले. त्याच्या कितीतरी आधी, कोणतेही श्रेयांक नसताना, या गावातील एक वकील पुराव्यानिशी लिहीत होता. म्हणजे परंपरा नाही असे नाही. ती वर्गात पोचली नाही, इतकेच.

परिभाषा झाली, वाक्य राहिले

माध्यमाचा प्रश्न येथे टाळता येत नाही. राज्यनिर्मितीबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि विषयवार परिभाषा कोश निघाले. पुढे नागपुरातून विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने अनेक विषयांची मराठी पाठ्यपुस्तके काढली. विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. हे श्रम थोर होते. परंतु त्यांतून शब्द मिळाले. त्या शब्दांनी युक्तिवाद कसा करावयाचा, अनिश्चितता किती काळजीने व्यक्त करावयाची, दुसऱ्याचे मत न वाकविता कसे सांगावयाचे, याचा अभ्यास विद्यार्थ्याला मिळाला नाही. कोश हाती आला, पण त्या कोशातील शब्दांनी लिहून पाहण्याची वही हाती आली नाही. दुसरीकडे विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक शाखांत विद्यार्थी इंग्रजीत लिहितो, पण ती इंग्रजी पाठ केलेली असते. ज्या भाषेत तो विचार करतो तीत त्याला लिहू देत नाहीत, आणि ज्या भाषेत लिहितो तीत त्याला विचार करता येत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याचा आनंद रास्तच आहे. पण भाषेचे आजचे सामर्थ्य तिच्यातील प्राचीन ग्रंथांच्या बरोबरीने आजच्या प्रयोगवहीवरूनही मोजले जाईल. रिद्धपूरच्या विद्यापीठाने इतर सर्व शाखांसाठी 'या विषयात मराठीत कसे लिहावे' याच्या छोट्या, सोदाहरण पुस्तिका सिद्ध केल्या, तर त्या एका कामाने त्याच्या स्थापनेचे सार्थक होईल.

आक्षेप आणि उपाय

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप प्राध्यापकांचा, आणि तो वजनदार आहे. पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर गाडा चालला आहे, वर्गात साठ-सत्तर मुले आहेत. प्रत्येकाचे लेखन तपासावयाचे केव्हा? ही तक्रार खरी आहे, आणि पदे भरल्यावाचून कोणतेही धोरण कागदावरून खाली उतरणार नाही हे शासनाने समजून घेतले पाहिजे. तथापि उपलब्ध वेळातही काही करता येते. चाळीस पानांचा प्रकल्प एकदा न वाचता सही करण्यापेक्षा एका पानाचे लेखन दोनदा वाचणे कमी श्रमाचे आणि अधिक फलाचे आहे.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा. २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली. विषय सांगताच ती सफाईदार मजकूर लिहून देतात. मग मुलाने लिहावयास शिकावे कशाला? उत्तर असे, की ते यंत्र पोडावर जाऊन आलेले नसते. अमुक गावात तमुक घरी कोण काय म्हणाले, हे त्याला ठाऊक नसते. ठाऊक नसताना ते आत्मविश्वासाने रचून सांगू शकते. जो विद्यार्थी 'हे कशावरून?' विचारावयास शिकला नाही, तो त्या सफाईपुढे सर्वस्वी असहाय होईल. यंत्राच्या युगात प्रमाणशुद्ध लेखनाची गरज वाढली आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक विभागाने आपल्या विषयात पुरावा कशाला म्हणतात, दुसऱ्याचे मत कसे नोंदवितात आणि चांगला अहवाल कसा दिसतो हे सांगणारे दोन-तीन पानांचे मराठी टिपण सिद्ध करून पहिल्याच महिन्यात विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. प्रकल्प एकदम अखेरीस न घेता दोन खर्ड्यांत घ्यावा. पहिला खर्डा, शिक्षकाचे शेरे आणि दुसरा खर्डा तिन्ही एकत्र बांधले जावेत, म्हणजे विकत घेतलेल्या प्रकल्पाला जागाच उरणार नाही. तोंडी परीक्षेत 'निष्कर्ष काय' यापेक्षा 'कोणाला भेटलात, काय अपेक्षेविरुद्ध निघाले' हे विचारावे. अमरावती विद्यापीठाने प्रकल्पाच्या गुणांतील ठसठशीत वाटा या प्रक्रियेला द्यावा. आणि विषय यवतमाळचेच असावेत. वणीच्या कोळसाखाणींभोवतीची गावे, पैनगंगेचे पाणी, टिपेश्वरच्या जंगलालगतची शेती, जिनिंगमधील स्त्रीकामगार, बचतगट, फवारणीनंतरची वर्षे, हे विषय कोणत्याही पुस्तकात उतरून घेता येणार नाहीत.

एक गोष्ट मात्र अवश्य व्हावी. ज्या गावाचा अभ्यास केला, त्या गावाच्या ग्रामसभेत तो अहवाल मराठीतून वाचून दाखवावा, आणि त्याची प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सूचीसह ठेवावी. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर उभे राहून वाचताना लेखकाची जी परीक्षा होते, ती कोणत्याही परीक्षा मंडळाला घेता यावयाची नाही. आणि दहा वर्षांनी एखाद्या समितीला या जिल्ह्याविषयी लिहावयाचे झाले, तर तिला येथील ग्रंथालयाची पायरी चढावी लागेल.

यवतमाळने साहित्य संमेलन दोनदा भरविले. १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे. दुसऱ्या संमेलनाच्या आधी उद्घाटकाचे निमंत्रण मागे घेण्यावरून मोठा वाद झाला, आणि अखेर उद्घाटन केले ते याच जिल्ह्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकरी-आत्महत्येचा आघात सोसलेली ही स्त्री त्या व्यासपीठावरून बोलली आणि सभामंडप स्तब्ध झाला. जिल्ह्याला बोलता येते, हे त्या दिवशी महाराष्ट्राने पाहिले. बोललेले शब्द मात्र मंडप उतरल्यावर हवेत विरतात. सातबारा, रुग्णपत्रिका, पंचनामा आणि अहवाल मात्र मागे उरतात, आणि निर्णय त्यांवरून होतात. ते कागद लिहिणारे हात आज यवतमाळच्या महाविद्यालयांत बसले आहेत. त्यांना लिहावयास शिकविणे हे प्रत्येक विषयाच्या प्रत्येक प्राध्यापकाचे काम आहे, आणि ते याच सत्रापासून सुरू करता येण्याजोगे आहे.